पानं तीच, झाड वेगळं

आमच्या समोरच्या घोडके सरांची झाडं उलटी असतात. मूळ वर, पानं खाली. आणि ती उगवतात स्वयंपाकघरात, ओट्याच्या काळ्या कडप्प्यावर, खडूनं.

सर कॉलेजात बीजगणित शिकवायचे. निवृत्त होऊन पुंडलिकनगरात राहायला आले, पण खडू काही सुटला नाही. त्यांच्या मते कुठलीही गोष्ट झाड काढल्याशिवाय कळत नाही. खाली पानांच्या जागी जिन्नस, वर फाट्याफाट्यावर एकेक क्रिया आणि मुळाशी तयार झालेली वस्तू. क्रम बदलला की, "पानं तीच, झाड वेगळं." हे ते भाजीवाल्यालाही ऐकवतात.

कोपऱ्यावरच्या रफिकभाईंच्या टपरीवर एकदा मी सोबत होते. "पत्ती आधी का साखर आधी? आलं कधी टाकता?" सरांची उलटतपासणी सुरू झाली. मागं गिऱ्हाइकं खोळंबलेली. रफिकभाईंनी गाळणी झटकली.

"सर, चाय पीना है के परचा जाँचना है?"

"दोन्ही," सर शांतपणे म्हणाले.

चहाचं हे खूळ सरांच्या बायको, आमच्या काकू, गेल्यापासूनचं. काकूंच्या चहाला आधी आल्याचा ठसका यायचा आणि गोडवा मागून. सरांनी तो जन्मभर प्यायला, पण स्वयंपाकघराकडं पाठ करून, पेपर तपासत. कशात काय कधी पडतं हे मान वळवून पाहिलं नाही. आता डबे तेच, पातेलं तेच, दूधवालाही तोच, पण चहा तसा होत नाही. म्हणून सर रोज नवं झाड काढतात, त्याबरहुकूम चहा करतात आणि मला हाक मारतात. काकूंच्या चहाची चव माहीत असलेली गल्लीत मीच उरले आहे. या नादात मी नासलेल्या दुधाचा आणि करपलेल्या साखरेचाही चहा प्यायले आहे.

"सांग वंदना, व्हय का नाय?"

"नाही, सर."

मग ते ओल्या फडक्यानं झाड पुसतात.

गेल्या रविवारी मात्र घोट घेतला आणि कप हातात तसाच राहिला. आधी ठसका, मागून गोडवा. आता काकू शेजारी येऊन "साखर पुरे ना गं?" विचारतील असं वाटलं.

"व्हय, सर."

सरांनी एक घोट घेतला, मग दुसरा. मग झाडाच्या मुळाजवळच्या फाट्यावर बोट ठेवलं.

"साखर शेवटी. गॅस बंद केल्यावर. इतकं सोपं होतं," ते म्हणाले. "विचारलं असतं तर सांगितलं असतं तिनं."

फडकं हातात होतं, पण झाड पुसलं नाही.

"म्हंजे आता तुझं इथलं काम संपलं," खाली बघत ते म्हणाले.

इतके दिवस मी फक्त चहा चाखायला येते असं समजत होते. मी कप खाली ठेवला.

"सर, काकूंचे पोहे राहिलेत अजून."

सरांनी झाडाशेजारची कोरी जागा तळहातानं साफ केली.

"त्याला पानं लई आहेत," ते म्हणाले, आणि खडू शोधायला लागले.