फडकं बांधलेला दोडका

सगळा उन्हाळा भुजंगरावांनी अंगाला साबण लावला नाही. वेलाला साबणाचं पाणी चालत नाही, असं द्वारकाबाईंचं म्हणणं. आणि परतुरात नळ आठवड्यातून एकदा येणार, म्हणून नवऱ्याची आंघोळ आणि वेलाचं पाणी एकाच बादलीत उरकायचं. दोडक्याच्या बुडाशी फरशी टाकली होती. तिच्यावर उकिडवं बसून भुजंगरावांनी तांब्यातांब्यानं पाणी घ्यायचं. कचेरीत शेजारच्या कारकुनानं टेबल खिडकीकडं सरकवून घेतलं, तरी द्वारकाबाई ढिम्म.

"माझ्या आईचं बियाणं हाय ते," त्या म्हणायच्या. "गाडग्यात एवढंच उरल्तं. भावजय दुकानातल्या पुड्या आणून राह्यली. हे गेलं, की आईचं काहीच न्हाई राह्यलं मला."

तांबड्या भुंग्यांनी पानांची चाळणी केली. द्वारकाबाईंनी रोज राख उधळली, थोडी वेलावर, बरीचशी ओल्या भुजंगरावांवर. मग वावटळीनं मांडव आडवा केला. एवढ्यातून एकच दोडका जगला. द्वारकाबाईंनी त्याला लाल फडकं बांधून बजावलं, "बियाला ठेवलाय. वाळंस्तोर बिलकुल हात लावायचा न्हाई." भुजंगराव तेव्हा डोक्यावर तांब्या ओतत होते. बायको बोलली की मान हलवायची, एवढं त्यांना इतक्या वर्षांत जमलं होतं. ऐकायचं कोणी सांगितलं होतं?

एका रविवारी द्वारकाबाई हापशीवर गेलेल्या, आणि दारात साक्षात कचेरीतले साहेब! जांबहून देवदर्शन करून परतणारी त्यांची जीप गावातच तापली होती. वेलाची बादली जीपला पाजली गेली. साहेब निघता निघता थबकले आणि त्यांनी सरळ बोट रोखलं. "अरे वा! काय दोडका आहे!"

भुजंगरावांनी ते बोट पाहिलं. वेलावरच्या फळाकडं बोट दाखवलं की ते सडतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आता सडणारच आहे, तर साहेबांच्या पोटात गेलेलं काय वाईट?

"फडकं कशाला बांधलंय?"

"नजर लागू नये म्हणून, साहेब. न्या, घरचाच हाय!" भुजंगरावांनी फडकं सोडलं आणि देठ मोडला.

द्वारकाबाई घागर घेऊन आल्या, तर फरशीवर नुसतं फडकं. साहेबांना दिल्याचं भुजंगरावांनी सांगताच त्यांनी घागर दाणकन खाली ठेवली. "अहो, अक्कल काय कचेरीत ठेवून आल्ते का? बियाचा व्हता तो! जा, बंगल्यावर जल्दी जा!"

भुजंगराव धापा टाकत बंगल्यावर पोचले, तोवर उन्हं कलली होती. साहेबांच्या बाईसाहेब दारातच कडाडल्या. "भेट द्यायची तर माणसानं धड द्यावी! सुरी चालेना त्यावर. म्हशीला घातला मी."

म्हैस मागे रवंथ करत होती. भुजंगरावांनी तिच्याकडं बघून घेतलं आणि घरची वाट धरली. घरचा वेल पुढं वाळला, तरी बुडातून फुटंल म्हणून द्वारकाबाईंनी साबण काही हातात दिला नाही.

श्रावणात बंगल्यामागच्या उकिरड्यावर, त्याच म्हशीच्या शेणातून, एक वेल आपोआप उठला. ना राख, ना आंघोळ, तरी मेला दोडक्यांनी लगडला. द्वारकाबाईंनी रस्त्यावरूनच पान ओळखलं. त्यांचे डोळे भरून आले. दुसऱ्याच दिवशी त्या भुजंगरावांना घेऊन बंगल्यावर गेल्या.

"बाईसाहेब, एक दोडका वेलावर वाळू द्या. मंग मी घेऊन जाईन."

"वाळू द्या? छे हो!" बाईसाहेब हसल्या. "तुम्ही जून दिला म्हणून आम्हीही तसंच वागायचं का? मी तर सकाळीच सगळे काढून ठेवलेत. हे घ्या, चांगले कोवळे लुसलुशीत!"

"अन् वेल?"

"उपटला. साहेबांना तिथं गुलाब लावायचेत. अहो, संकोच कसला करता!"

कोवळ्या दोडक्यात बी कुठलं धरायला? द्वारकाबाईंनी पिशवी घेतली. घरी येऊन त्यांनी भाजी फोडणीला टाकली आणि नवऱ्याला ताट वाढलं. भुजंगरावांनी भीतभीत घास घेतला आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "काय गोड झालीय गं!"

"व्हईलच. माझ्या आईची हाय. पोटभर खा, आता पुन्हा न्हाई." द्वारकाबाईंनी त्यांच्या पानात आणखी भाजी वाढली. "अन् उद्यापासून खुशाल साबण लावा."