मुकादम ऐकायला शिकतो

कोणतीही संस्था कामावर चालत नाही, नेतृत्वावर चालते. काम हा नेतृत्वात अधूनमधून येणारा व्यत्यय आहे. इस्पितळांच्या चादरी धुऊन देणाऱ्या त्या धुलाईखान्याला हे सत्य फार उशिरा उमगलं. तोवर तिथली बिचारी माणसं नुसत्या चादरी धूत होती.

तिथल्या मुकादमाला सगळे भोंगा म्हणत. (तोंडावरच म्हणत. पाठीमागे म्हटलेलं यंत्रांच्या घरघरीत त्याला ऐकू गेलं नसतं.) त्याची कामाची पद्धत अगदीच अशास्त्रीय होती. कुणी म्हणालं, पट्टा सैल झालाय, की तो आधी ओरडायचा, "डोळे काय घरी ठेवून येता?" आणि ओरडता ओरडताच पाना घेऊन यंत्राखाली शिरायचा. पट्टा घट्ट व्हायचा, ओरडणं वाफेत विरून जायचं, चादरी पुढे सरकायच्या. या सगळ्यात कुणाचाही व्यक्तिमत्त्व विकास होत नव्हता.

म्हणून मालकांनी नेतृत्व प्रशिक्षण आणलं. शेवटी चाचणी होती. उत्तीर्ण होईल तो मुकादम राहील, नापास होईल तो परत ओल्या बाजूला, म्हणजे हौदातून भिजलेल्या चादरी उपसायला जाईल. भोंग्याची तरुणपणाची सगळी वर्षं त्या हौदावर गेली होती, आणि तो विसरला तरी त्याची कंबर विसरली नव्हती. डॉक्टरांनी बजावलं होतं, पुन्हा ओझं उचललंत तर अंथरूण धराल. तेव्हा भोंगा पहिल्या बाकावर जाऊन बसला.

प्रशिक्षक हसतमुख होता आणि त्याच्या सदऱ्याला सुरेख इस्त्री होती. (ती कशी होते, हे अभ्यासक्रमात नव्हतं.) त्याने नेत्याचे नियम सांगितले. नेता उत्तर देत नाही, ऐकतो. ऐकलेलं तो स्वतःच्या शब्दांत परत सांगतो. मग मऊ आवाजात विचारतो, "तुम्हाला काय करावंसं वाटतं?" आणि हे सगळं होईतो दोन्ही हात मागे बांधून ठेवतो, कारण नेत्याने हात लावला की कर्मचाऱ्याची वाढ खुंटते. आणखीही एक नियम होता, पण तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली.

भोंग्याने हा नेम मनोभावे धरला. घरीही मोडला नाही.

"अहो, मोरीतला नळ गळतोय," बायको म्हणाली.

"म्हणजे नळ गळतोय, असं तुला जाणवतंय."

"जाणवतंय कसलं? बादली भरून वाहतेय!"

"मग तुला काय करावंसं वाटतं?"

बायकोला माहेरी जावंसं वाटलं, आणि ती गेली. भोंग्याने हा आपल्या हातून झालेला पहिला कर्मचारी विकास मानावा, असं प्रशिक्षकाने सुचवलं.

धुलाईखान्यात तर फरक लगेच दिसू लागला. इस्त्रीच्या रोलरवर एक मावशी असायची. तापलेले दोन रोलर एकावर एक फिरत, मधून चादर घालायची, की पलीकडून कडक होऊन निघे. मावशीने भोंग्याला तो कामावर नवा आला तेव्हापासून पाहिलं होतं, त्यामुळे ती त्याला प्रेमाने मेल्या म्हणे.

"मेल्या, रोलरपुढची जाळी निखळलीय. कुणाचा तरी हात जाईल आत."

भोंग्याचा हात सवयीने पान्याकडे गेला. त्याने तो पाठीमागे नेला. "म्हणजे जाळीविषयी तुम्हाला काळजी वाटते."

"काळजी नाही रे, जाळी निखळलीय म्हणतेय. बहिरा झालास का?"

"मग तुम्हाला काय करावंसं वाटतं?"

"तुझं डोकं आत घालावंसं वाटतं!"

प्रशिक्षकाने नोंद केली: कर्मचारी मनमोकळे बोलू लागले.

पुढे ते बोलेनासेच झाले. आपलंच वाक्य परत ऐकायला कोण जाणार? त्यामुळे तक्रारींचं प्रमाण शून्यावर आलं. (इस्त्री होऊन निघणाऱ्या चादरींची वाटचालही त्याच दिशेने होती, पण चादरी हा उत्पादकतेचा जुना निकष झाला.) मालकांनी समाधानाचा आलेख दारात लावला. तो इतका वर गेला होता, की वरचा भाग दुमडावा लागला.

चाचणीच्या दिवशी प्रशिक्षक भोंग्याच्या शेजारी उभा राहिला. मावशी चादर घालत होती. जाळी नव्हतीच. चादरीबरोबर तिची बाही आत गेली.

"बंद कर! मेल्या, बंद कर!"

यंत्र थांबवायचं लाल बटण भोंग्याच्या खांद्याजवळच्या खांबावर होतं. हात उचलला की पुरे. हात उचललाही गेला. प्रशिक्षक त्याच्याकडे बघत होता. भोंग्याला हौद दिसला, पाण्याने जड झालेली चादर दिसली, आणि त्याने डाव्या हाताने उजवा हात पकडून मागे नेला.

"म्हणजे... बाही अडकलीय, असं तुम्हाला..."

पलीकडे घड्या घालणाऱ्या दोघी जणी धावल्या. "थांबा," प्रशिक्षक हळुवारपणे म्हणाला, "त्यांचा मार्ग त्यांना शोधू द्या."

मावशीने शोधला. सुटे धागे कापायची कात्री तिच्या कमरेला असायची. दुसऱ्या हाताने तिने बाही खांद्यापासून कापली आणि हात ओढून घेतला. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सोलली होती.

प्रशिक्षकाचे डोळे भरून आले. बाहेरची कोणतीही मदत न घेता कर्मचाऱ्याने स्वतः तोडगा काढल्याचं इतकं निर्मळ उदाहरण त्याने पाहिलं नव्हतं. भोंग्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले. त्याचं मुकादमपद राहिलं, कंबरही राहिली.

हाताची पट्टी सुटल्यावर मावशी कामावर आली. भोंगा तिच्यापुढे जाऊन उभा राहिला. त्याला पुष्कळ बोलायचं होतं.

"मावशी, दोन शिव्या तरी द्या हो."

मावशीने चादरीचं टोक सरळ केलं. "काही काम होतं का, साहेब?" ती म्हणाली.

आता आपल्याविषयी. मावशीची बाही आत ओढली जात होती, तेव्हा आपण ही हकिकत हातात धरून बसला होतात. मध्ये बोलला नाहीत, जागचे हलला नाहीत. जरा हळहळलात, आणि पुढे काय होतं बघू, म्हणून पुढची ओळ वाचलीत.

आपण उत्तीर्ण आहात. प्रमाणपत्रावर नाव कसं घालायचं, तेवढं कळवावं.