पारखी नजर आणि सासऱ्यांचा पट्टा

जुना लष्करी पट्टा खरा की नकली, हे नुसता फोटो बघून सांगणारा माणूस जगात एकच, आणि तो म्हणजे आपण, याबद्दल पट्टेबुवांना तिळमात्र शंका नव्हती. रायफल खांद्याला अडकवायचे ते चामडी पट्टे हो! लोक ते इंटरनेटवर विकायला ठेवत आणि विमा कचेरीतले हे कारकून 'पारखी नजर' असं टोपणनाव घेऊन त्यांची सालटी काढत. पट्टेबुवा हे नाव कचेरीनं चिडवायला ठेवलेलं. यांना तो बहुमान वाटे, आता काय बोलावं!

त्या रविवारी एक नवा पट्टा विक्रीला आला. विकणाऱ्याच्या नावाच्या जागी नुसतं गुलाबाचं फूल. बुवांनी फोटो मोठा केला, डोळे बारीक केले आणि अंगठे चालवले. "शिवण मशीनची! रंग चहाच्या पाण्याचा! बक्कल तर चक्क दप्तराचं! हा पट्टा लढाईवर नाही, फार तर शाळेत गेला असेल!"

लोक खदाखदा हसले. संध्याकाळी बुवांनी त्याच खुशीत चहाचा कप तोंडाला लावला, तोच दारावरची बेल वाजली. दारात सासू-सासरे! सासऱ्यांनी मोबाईल विंचू धरावा तसा लांब धरलेला.

"जावईबापू, आम्ही आता लहान घरात जातोय. म्हटलं, माझा पट्टा कुणा कदरदानाकडे जावा. तर हा कोण गाढव, बघा काय लिहितोय! ज्यानं माझ्या खांद्याला घट्टे पाडले, तो म्हणे दप्तराचा!"

सासऱ्यांचा आवाज कापत होता. रागानं कापला असता तर परवडलं असतं. म्हातारा दुखावला होता.

बुवांना असा ठसका लागला की विचारू नका! हा पट्टा सासऱ्यांच्या कपाटाच्या दारावर वर्षानुवर्षं लटकत होता. दर भेटीत सासरे तो दाखवत आणि बुवा बिस्किटांच्या बशीकडे बघत "व्वा!" म्हणत.

"तुम्ही यातले जाणकार," सासऱ्यांनी खुर्ची ओढली. "द्या त्याला उत्तर. मी इथंच बसतो."

"माझ्या फोनवरून लिहा ना!" बायको गोड हसत म्हणाली. पारखी नजर कोण, हे तिला पक्कं ठाऊक होतं. बायकाच त्या!

बुवांनी लिहिलं, "पट्टा अस्सल आहे." लगेच त्यांच्या खिशातला फोन किणकिणला.

"एवढंच? त्याला आंधळा म्हणा!"

बुवांनी स्वतःला आंधळा म्हटलं. खिसा किणकिणला.

"अडाणी म्हणा!"

किण्ण!

"फोन वाजतोय तुमचा," सासूबाई म्हणाल्या.

"कचेरीचं काम," बुवा घाम पुसत म्हणाले.

"रविवारी?" बायकोनं विचारलं. काही गरज होती का?

"आणि तो बघा, गप्प बसला!" सासरे गरजले. "भित्रा लेकाचा!"

बुवा पोटात कळ आल्याचं सांगून संडासात पळाले आणि आतून पारखी नजरेनं साष्टांग माफी मागितली. बाहेर येतात तो सासऱ्यांचे डोळे भरून आलेले.

"चूक कबूल केली हो त्यानं! माणूस तसा वाईट नसावा." त्यांनी पिशवीतून पट्टा काढला आणि बुवांच्या हातात दिला. "आता विकणार नाही. तुम्ही माझी बाजू राखलीत, हा तुमच्याच घरी राहील. चल गं पोरी, हातोडी दे."

बुवांना अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. बापलेक आत गेले. बुवांनी आयुष्यात पहिल्यांदा तो पट्टा नीट पाहिला. शिवण मशीनची. रंग चहाचा. बक्कल...

"तुमच्या बायकोच्या दप्तराचं," सासूबाई हळूच म्हणाल्या. "खरा पट्टा मी कधीचा हरवला हो. एकदा घर बदलताना त्या पट्ट्यानं गादी बांधली, ती गादीच टेम्पोतून पडली. मग पिशव्या शिवणाऱ्याकडून हा करून घेतला. रोज पुसतात ते! त्यांना सांगू नका." मग आणखी जवळ सरकून म्हणाल्या, "तुम्ही लिहिलंत छानच, पण खरं सांगू? तो गाढवच बरोबर होता."

पट्टेबुवा पहिल्यांदाच शंभर टक्के बरोबर ठरले होते आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती! एवढ्यात आतून सासऱ्यांची हाक आली.

"जावईबापू, खिळा दारासमोरच ठोकतो! म्हणजे आल्यागेल्याला पट्टा अस्सल कसा, ते तुम्हाला समजावून सांगता येईल!"