तेलाचा भरवसा

पेठला पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला करीमचाचांचं गॅरेज आहे. दुपारी कधी गेलात तर साठी ओलांडलेला एक माणूस स्टुलावर बसून, ट्रॅक्टरच्या वर उचललेल्या ट्रॉलीकडे टक लावून बघताना दिसेल. ट्रॉली हलत नाही, चाचाही हलत नाहीत. नवख्या माणसाला वाटतं, दोघांपैकी एकाचं काहीतरी बिघडलंय.

बिघडलेली ट्रॉलीच असते. तिला उचलणाऱ्या जॅकच्या चकचकीत दांड्यावर चाचांनी खडूची रेघ मारलेली असते. आतल्या आत तेल निसटत असेल तर भरलेली ट्रॉली हळूहळू बसत जाते आणि रेघ खाली सरकते. ती सरकते का, एवढं बघायला त्यांना आख्खी दुपार पुरत नाही. चाची, म्हणजे त्यांच्या घरच्या, चारचौघांत म्हणायच्या की लग्नाला एवढी वर्षं झाली, पण माझ्याकडं काय एवढा वेळ बघितलं न्हाई.

"तेलाच्या भरवशावर जीव ठेवू नका," हे चाचांचं ठरलेलं वाक्य. उचललेल्या ट्रॉलीखाली बाभळीचा ठोकळा लावल्याशिवाय कुणी वाकला, की ते त्याला कॉलरला धरून बाहेर ओढतात. मग तो सरपंच असो नाहीतर व्याही.

आमच्या महाळुंगे पडवळच्या बबनने, म्हणजे माझ्या चुलतभावाने, एकदा ट्रॉली वर उचलून जॅकच्या तेलाच्या टाकीत डोकावलं. तेल कमी दिसलं म्हणून विहिरीवरच्या पंपाचं उरलेलं इंजिन ऑइल त्याने काठोकाठ ओतलं. ट्रॉली खाली येताच सगळं तेल बाहेर आलं आणि लग्नाला निघालेल्या बबनच्या पांढऱ्या कपड्यांवर उडालं. ट्रॉली वर असताना बरंचसं तेल जॅकच्या पोटात गेलेलं असतं, म्हणून ती खाली बसवूनच मोजायचं, हे आमच्याकडे निम्म्या लोकांना आजही पटत नाही. चाचांनी एक थेंब बोटांवर चोळला, हुंगला आणि यात अजून काय काय घातलंय, मिसळीचा रस्सा पण हाय का, असं अगदी गंभीरपणे विचारलं.

त्यांची दुसरी खोड लग्नपत्रिकांची. पाइपाच्या बारीक भोकातून जोरात उडणारं तेल डोळ्यांना दिसत नाही आणि कातडीत सुईसारखं शिरतं. म्हणून गळती शोधायला चाचा पाइपावरून हात कधीच फिरवत नाहीत, पत्रिका फिरवतात आणि डाग कुठे पडतो ते बघतात. एकदा पत्रिका द्यायला आलेल्या माणसाच्या देखतच त्यांनी ती पाइपावर फिरवली. कागद जाड हाय, घर चांगलं दिसतंय, म्हणाले. लग्नाला मात्र आवर्जून गेले.

गॅरेजवर गप्पा चालत नाहीत. तेलात हवा शिरली की ट्रॅक्टरमधला तेल ढकलणारा पंप कण्हतो, आणि ते कण्हणं ऐकू यायला हवं. बोलणाऱ्याला ते हातानेच गप्प करतात. बोलण्याचं खातं घरी चाचींकडे होतं. मागच्या खोलीतून त्यांची बडबड दिवसभर चालायची आणि तिला मात्र चाचांनी कधी हात दाखवला नाही.

गेल्या वर्षी चाचींना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. आडवं झोपवून भरवलं की ठसका लागायचा. बसवून भरवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण आयुष्यभर लोखंड उचलून चाचांचा खांदा निकामी झालेला, त्यांना एकट्याने चाचींना उठवता येईना. लेक नाशिकला दिलेली, शेजारच्या बायका तरी किती वेळा येणार? विकतची कॉट आणा असं मी सुचवलं. पण दुसऱ्याच्या वेल्डिंगवर ते आपल्या बायकोला झोपवणार नव्हते.

त्यांनी स्वतःच लोखंडी कॉट कापली, डोक्याकडची बाजू बिजागरीवर घेतली आणि खाली हाताने दाबायचा जॅक बसवला. सील नवं, तेल नव्या डब्यातलं. मग तिच्यावर चाचींच्या वजनाइतकी कांद्याची गोणी ठेवली, चादर पांघरली आणि समोर स्टूल मांडलं. निमगाव सावाहून आलेले अधू नजरेचे मेहुणे त्या गोणीजवळ बसून, किती वाळलीस गं, म्हणत डोळे पुसू लागले. आतल्या खोलीतून विचित्र आवाज आला. आम्ही धावलो, तर चाची वाकड्या तोंडाने हसत होत्या. दुखणं आल्यापासून त्या पहिल्यांदाच हसल्या होत्या.

गोणी जागची हलली नाही, तरी चाचांचा धीर होईना. रोज म्हणायचे, अजून बघू. शेवटी चाचींनीच डाव्या हाताने त्यांची बाही ओढली आणि मोठ्या कष्टाने म्हणाल्या, "बसव मला." धरायला मी होतो. चाचांनी जॅकचा दांडा हळूहळू दाबत नेला. चाची वर आल्या आणि चाचांनी खाली ठोकळा सरकवला.

परवा संध्याकाळी गेलो तर गॅरेजबाहेर दोन ट्रॅक्टर थांबलेले आणि चाचा आत, कॉटशेजारी. चाची बसून कुणाच्या तरी सुनेबद्दल अडखळत सांगत होत्या. चाचा जॅकची राखण करतायत असं मला वाटलं. मी म्हणालो, खाली ठोकळा आहे, तुम्ही बाहेरची कामं बघा. नाहीतर त्यांना आडवं करा, दमल्या असतील.

चाचांनी मला दाराकडे नेलं. हळूच म्हणाले, "आडवी झाली का जीभ वळत न्हाई तिची. गप पडून ऱ्हाती, आन् घर खायला उठतं. बसली का बोलती. बसू द्या जरा, भाऊ."

तेवढ्यात चाची माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाल्या. मला शब्द लागले नाहीत. चाचांना लागले होते. ते चहाचं पातेलं घेऊन स्टोव्हकडे वळलेही होते. तरी तिथूनच मागे बघून म्हणाले,

"काय म्हणलीस? परत बोल."