गिअरबॉक्सने खाल्लेले घोडे

रोलरच्या कडेला नारळाचं पाणी तळहाताएवढं पसरलं होतं आणि त्यात शेंडीचा एक धागा चिकटून राहिला होता. मला तो दिसला. गाडीपुढे नारळ फोडून माझा नवरा अमित हात जोडून, डोळे मिटून उभा होता.

"दोनशेच्या वर जाणार," डोळे उघडत तो म्हणाला. "ज्योत्स्ना, लिहून ठेव."

सातपूरच्या त्या गॅरेजात गाडीची ताकद मोजतात. चाकं जमिनीत बसवलेल्या रोलरवर घ्यायची, गाडी जागच्या जागी पळवायची; रोलर किती झपाट्याने वेग घेतो त्यावरून संगणक हॉर्सपॉवर सांगतो. अमितने आपल्या ऑटोमॅटिक गाडीचा टर्बो बदलला, सायलेन्सर बदलला, आणखीही बरंच काही बदललं. काढलेलं सगळं आमच्या तळमजल्याच्या खोलीत जमलं.

ती खोली माझ्या आईसाठी होती. आई इगतपुरीला एकटी राहते. गेल्या पावसाळ्यात ती न्हाणीत पडली आणि शेजारचा बहिरू दूध घेऊन येईपर्यंत तशीच पडून राहिली. तेव्हा अमित म्हणाला होता, "एकदा दोनशे होऊ दे, लगेच खोली रिकामी करतो." आता दुसरा पावसाळा लागला होता.

गॅरेजचे मालक खाजाभाई गाडीत बसले आणि त्यांनी ॲक्सिलरेटरवर पाय दाबला. चाकं ओल्या रोलरवर घसरली, मग एकदम पकडली, आणि पडद्यावरची रेघ विंचू चावल्यासारखी उडाली. दोनशे चौऱ्याऐंशी.

अमितने मला चारचौघांत मिठी मारली. मित्रांना फोन केले. पेढे मागवले.

"खोली?" मी विचारलं.

"आजच्या आज."

तिथेच गप्प बसायला हवं होतं. पण मी कॉलेजात फिजिक्स शिकवते, आणि ही सवय घरी ठेवून येता येत नाही.

"अमित, चाक घसरलं होतं. मोकळं फिरणारं चाक अचानक रोलरला धरतं, तेव्हा साठलेला सगळा जोर एका झटक्यात उतरतो. हा आकडा इंजिनाचा नाही, नारळाचा आहे."

"भाभी बरोबर बोलतात," खाजाभाईंनी फडकं उचललं. "मी बोललो होतो ना, बाहेर फोडा."

रोलर कोरडा केला. पुन्हा मोजलं. एकशे एकसष्ट.

तेवढ्यात पेढे आले. खोक्याची दोरी सोडायचं सगळ्यांच्याच जिवावर आलं.

"हे फक्त चाकांपर्यंत पोचलेले घोडे," अमित म्हणाला. "ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स मध्ये खातो. पंधरा टक्के धरू." त्याने मोबाइलवर हिशेब केला. एकशे एकोणनव्वद. "जुना आहे, अठरा खात असेल." एकशे शहाण्णव. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "वीस?"

गिअरबॉक्स किती खातो हे तिथे कुणीच मोजलं नव्हतं. उत्तर आधी ठरवून मागून रीडिंग भरणाऱ्या मुलींची जर्नलं मी सही न करता परत देते. पण आईचा पाय अजून सुजतो.

"वीस धर," मी म्हणाले.

दोनशे एक. पेढे उघडले.

"मग खोली आज?"

"अगं, एका घोड्याने दोनशे पार म्हणजे पार नव्हेच. अडीचशे करू, मग बघू. खाजाभाई, अजून एकदा."

"राहू द्या अमितभाई, तापलीय."

"एकदाच."

अर्ध्यावर जळका वास आला. इंजिन बेंबीच्या देठापासून ओरडत होतं आणि रोलर मात्र मंदावत चालला होता. खाजाभाईंनी गाडी बंद केली, खाली वाकून वास घेतला आणि म्हणाले, "गिअरबॉक्स गेला."

आम्ही आणि गॅरेजच्या पोरांनी गाडी ढकलत बाहेर काढली. ढकलणाऱ्यांपैकी दोघांच्या तोंडात पेढा होता, त्यामुळे त्यांना सांत्वनही करता येईना. अमित बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. मयताला आलेल्यांशी बोलावं तशा आवाजात तो मला म्हणाला, "नवा टाकू. हा मात्र फेकायचा नाही, सावकाश उघडून बघू. तोवर खालच्या खोलीत..."

"नाही," मी म्हणाले. नीट ऐकू यावं म्हणून खाजाभाईंनी हवेचा घरघरणारा कॉम्प्रेसर बंद केला. "उद्या सकाळी मी इगतपुरीला जाऊन आईला घेऊन येतेय. गिअरबॉक्स वर पलंगावर ठेव, माझ्या जागी. मी खाली तिच्याजवळ झोपणार आहे."