एक चूल, दोन खोडं

झाड ओळखायचं असलं की आलापल्लीचे जंगलखात्याचे नाकेदार, म्हणजे वनरक्षक, डोमाजी मान वर करत नसत. खोडाला तळहात लावून, डोळे मिटून, मुंगी चावायची वाट पाहत. चावली की नाव सांगत. "कुसुम." किंवा, "आंबा. पण म्हातारा."

मी तेव्हा चांद्याच्या एका साप्ताहिकाला जंगलच्या बातम्या पाठवत असे आणि त्यांच्या शेजारच्या खोलीत भाड्याने राहत असे. बातमीदाराच्या सवयीने मी त्यांची परीक्षा घेतली. डोळ्यांना पंचा बांधून वीस झाडांपाशी नेलं. सतरा नावं बरोबर आली. उरलेल्या तीन झाडांबद्दल ते म्हणाले, "मुंगी पाहुणी आली असन."

पुस्तकात झाडांची वर्गवारी पानाफुलांवरून केलेली असते, हे त्यांना पटत नसे. "पान गळते, फूल झडते. मुंगी बारा महिने घरी राह्यते." त्यांच्या वहीत जंगलाचे तीनच वर्ग होते: लाल मुंग्यांची झाडं, काळ्या मुंगळ्यांची झाडं आणि बिनमुंगीची. तिसऱ्या वर्गाचं नाव घेताना ते आवाज खाली करत.

ऐनाचं पान उलटं करून देठाजवळच्या दोन गाठी ते भेटेल त्याला दाखवत. "इथी गोड रस सुटते. हा मुंग्यायचा चहा. चहा पिऊन त्या अळ्यायले हाकलतात." त्यांच्या कॉलरवर नेहमी एखादी लाल मुंगी असे. मी झटकायला गेलो की ओरडत, "काऊन झटकतो? तिले घरी पोचवाची हाय!" आणि खरोखरच मैलभर चालून तिला तिच्या झाडावर सोडून येत.

ते खानेसुमारीचं वर्ष होतं. माणसं मोजायचं काम सरकारी नोकरांवर आलं. डोमाजींना नियम शिकवला गेला: एक चूल, एक कुटुंब. तो त्यांना इतका आवडला की त्यांनी तो जंगलालाही लावला.

त्याच दिवसांत ते तोडीच्या झाडांची यादी करत होते. तोडीच्या पट्ट्यात एक ऐन होता. त्याला खेटून मोह होता. मोह मात्र राखायचा होता. लाल मुंग्यांनी दोघांची पानं एकमेकांना शिवून सहा घरटी बांधली होती. डोमाजींनी लिहिलं: "झाड एक, मोह. खोडं दोन." ऐन यादीतून सुटला.

रेंजरसाहेब तपासणीला आले.

"डोमाजी, मला दोन झाडं दिसतात."

"खोडं दोन हायेत, साहेब. चूल एक."

"ऐन वेगळा लिहा. उद्या कुऱ्हाड लागली पाहिजे."

"पहिले हात लावून पाहा. मंग लिहितो."

साहेबांनी ऐनाला हात लावला, ओरडले आणि मागे सरले ते थेट मोहाला पाठ टेकून. नंतरचा काही वेळ ते एका जागी नव्हते.

डोमाजींनी अदबीने विचारलं, "साहेब, चावण्यात फरक वाटला का?"

साहेबांनी यादीवर आहे तशी सही केली. सही करताना त्यांच्या अंगात सदरा नव्हता, हे मी बातमीत दिलं नाही.

आठवड्याभराने खानेसुमारीचे तक्ते पुरे झाले. बातमीसाठी मी ते चाळले. आमच्या खोल्यांच्या ओळीत माझ्या खोलीची नोंदच नव्हती. डोमाजींच्या घरात मात्र माणसं दोन होती.

"मी भाडेकरू आहे," मी म्हटलं. "मला वेगळा मोजा."

"जेवतो कुठी तू?"

"तुमच्याकडे."

"मंग?"

बायको गेल्यापासून मी येईपर्यंत सात वर्षं ते एकटेच जेवत होते. हे मला शेजाऱ्यांनी सांगितलं होतं. त्यांनी कधी नाही. मी तक्ता पुन्हा पाहिला. नात्याच्या रकान्यात खोडरबराने कागद झिजला होता. पुसलेलं "भाडेकरू" अजून वाचता येत होतं. त्यावर, जरा जोर देऊन, लिहिलं होतं: "लहान भाऊ."

बातमीदार म्हणून चुका पकडणं हे माझं काम होतं. तो तक्ता मी तसाच परत दिला आणि संध्याकाळी भाजी कोणती, ते विचारलं.