कॅमेऱ्याला सांगून जाणारे बिरूमामा

सोलापुरात आमच्या शुक्रवार पेठेतल्या चौकात पोलिसांचा नवा कॅमेरा बसला, तेव्हा बाकीचे लोक त्याच्याखालून मान खाली घालून जायला लागले. बिरूमामा त्याच्याशी बोलायला लागले.

माझं झेरॉक्सचं दुकान त्या खांबाच्या बरोबर समोर आहे, त्यामुळे हे मी ऐकीव सांगत नाही. सकाळी सातला मी शटर वर करते आणि मामा गल्लीतून बाहेर येतात. पांढरं धोतर, करकर वाजणाऱ्या वहाणा, वय पंच्याहत्तरच्या पुढं. खांबाखाली थांबतात, टोपी सरळ करतात, तोंड वर करतात आणि खणखणीत आवाजात सांगतात, "मी बिरू. दूध आनायला निघालोय. अर्ध्या तासात येतो." अर्ध्या तासानं पिशवी हलवत परत खांबाखाली हजर. "आलो."

हा कॅमेरा साधा नव्हता, एआयचा होता. नुसतं चित्र काढून थांबत नाही, चेहरा ओळखतो, पोलिसांच्या यादीशी ताडून बघतो आणि जुळला की ठाण्यात कळवतो, असं चहाच्या टपरीवर समजलं. ज्यांनी आयुष्यात कुणाचं वाकडं केलं नाही तेही चौक घाईनं ओलांडायला लागले. मामांना मात्र आपल्या धंद्यातलं कुणीतरी भेटल्याचा आनंद झाला.

कारण तोंड ओळखणं हा मामांचा पिढीजात धंदा. गाव सांगोल्याकडचं, घरी मेंढरं. अख्ख्या कळपात कुठलं कोकरू कुठल्या मेंढीचं, हे मामा लहानपणापासून नुसतं तोंड बघून सांगायचे. पुढे कळप थोरल्या भावाकडे राहिला आणि मामा सोलापुरात येऊन चादरीच्या कारखान्यात गेटवर वॉचमन झाले. तिथं त्यांनी कामगारांना कधी पास विचारला नाही. "वळख हाय की," म्हणायचे आणि आत सोडायचे. एकदा मालकाच्या नव्या जावयाला मात्र तासभर उन्हात उभं केलं, कारण ते तोंड ध्यानात नव्हतं. मालक चिडला, तर मामांनी शांतपणे सांगितलं की आता ध्यानात बसलं, पुन्हा अडवणार नाही.

ओळख ठेवायची त्यांची रीतही न्यारी. माणूस भेटला की त्याला गावाकडची एक मेंढी नेमून द्यायची. बँकेतल्या साहेबांना त्यांनी भर काउंटरवर सांगितलं होतं, "तुमी आमच्या भुरीवर गेलाय. लई गुणाची हुती, फकस्त कान पडल्यालं." मला त्यांनी काळतोंडी दिली. ती म्हणे दिसेल त्याला धडक मारायची. मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. पुढे कळलं की काळतोंडी त्यांची सगळ्यात लाडकी होती. तरी माझा राग पूर्ण गेला आहे असं नाही.

तर अशा या माणसाला खांबावर एक जोडीदार मिळाला आणि मामांनी त्याला सांभाळून घ्यायचं ठरवलं. यंत्र नवीन आहे, बावरेल, ही त्यांची काळजी. गड्ड्याच्या जत्रेला फेटा बांधून निघाले तेव्हा आधी खांबाखाली येऊन, हा मीच आहे, फेटा पाहुण्यांनी दिलाय, असं कळवून गेले. नाकाखाली गळू झालं म्हणून न्हाव्यानं मिशी उतरवली, तेव्हा तर पाच मिनिटं उभे होते. एकदा डावा गाल दाखवला, एकदा उजवा. "बघून घे नीट. मिशी न्हाय, बाकी समदं जुनंच हाय." मागं तीन रिक्षा भोंगे वाजवत होत्या. रिक्षावाले हसले, टपरी हसली, मीही काउंटरवर डोकं टेकून हसले.

मग रामक्काचं झालं.

रामक्का मामांची भिंतीला भिंत शेजारीण. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि दोन्हीकडे आवाज सारखाच. बिड्या वळून तिनं तीन लेकी उजवल्या. नातीच्या बारशाला खण घ्यायला ती नवी पेठेत गेली, तिथं एका खांबावर असाच कॅमेरा. त्यानं तिचं तोंड पाकीट मारणाऱ्या कुठल्याशा बाईशी जुळवलं. दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत, दोन महिला पोलिसांनी तिला उठवलं. अकरा ते तीन ती आमच्याच, दोन्ही पेठांच्या ठाण्यात बसून होती. नंतर कुणीतरी दोन्ही फोटो शेजारी धरून बघितले. त्या बाईच्या हनुवटीवर गोंदण होतं, रामक्काच्या नव्हतं. जा म्हणाले. मशीननं दाखवलं, आम्ही काय करणार, एवढंच बोलले.

चार तासांत सुटली, पण पेठेच्या संशयातून सुटली नाही. तिच्या ओसरीवर बसणाऱ्या बायका पर्स काखेत दाबून पुढं जायला लागल्या. रामक्का बिड्यांची टोपली डोक्यावर घेऊन चौक टाळून मागच्या बोळानं लांबून बिडीच्या कारखान्यात जायची, पदर नाकापर्यंत ओढून. तिचा तो आवाज आम्हाला ऐकू येईनासा झाला.

आणि मामा? मामा दुसऱ्या दिवशी सातला खांबाखाली. मी बिरू, दूध आनायला निघालोय. माझं डोकंच फिरलं. मी दुकानातून बाहेर येऊन सुनावलं, की तुमच्या या दोस्ताचा भाऊबंद रामक्काला चोर ठरवतो आणि तुम्ही त्याला सांगून दुधाला जाता. मामांनी टोपी सरळ केली आणि चालायला लागले. त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे बघून हसणं बंद केलं.

महिन्याभरानं ठाण्याचे नवे साहेब आमच्या मंगल कार्यालयात बैठक घ्यायला आले. आता गल्ल्यांतही असे कॅमेरे लावायचे आहेत, लोकांचं म्हणणं काय, असा विषय. नवी पेठेतले व्यापारी म्हणाले लावाच, गर्दीत चोर कसा धरायचा. एक वकीलबाई म्हणाल्या, आमचे चेहरे कुणाच्या यादीत जातात ते आधी सांगा. मग सगळेच एकदम बोलायला लागले. खरं सांगायचं तर माझंही मन दोन्हीकडे होतं. माझी चोरीला गेलेली स्कूटी असल्याच एका कॅमेऱ्यामुळे परत मिळाली होती. खाल्ल्या मिठाला जागावं की रामक्काला, असं माझं झालं होतं. मी गप्प बसले.

व्यापाऱ्यांनी मामांना मुद्दाम पहिल्या रांगेत बसवलं होतं. हे आमचे ज्येष्ठ नागरिक, रोज कॅमेऱ्यासमोर स्वतःहून उभे राहतात, यांना नाही भीती वाटत, मग तुम्हालाच का, असं एकानं सांगितलं. साहेबांनी मामांना लगेच ओळखलं. म्हणाले, तुम्ही रोज दिसता आम्हाला स्क्रीनवर. सगळं कार्यालय हसलं. मामांचं तोंड उजळलं.

"मी बोलतो ते ऐकू येतं का तितं?" मामांनी विचारलं.

साहेब म्हणाले, "नाही मामा. आवाज येत नाही, फक्त दिसतं."

मामांनी टोपी काढून पुन्हा घातली. मग गुडघ्यावर हात टेकून उभे राहिले. मला वाटलं, आता कॅमेऱ्याची आरती होणार.

मामांनी मेंढरांचं सांगायला सुरुवात केली. लोक हसायला लागले, पण मामा थांबले नाहीत. मेंढ्या दिवसभर रानात, कोकरं मागं वाड्यात. सांजेला कळप आला की ज्याचं कोकरू त्या मेंढीला लावायचं. अंधुक उजेड, सगळ्या ओरडतायत, घाई असते, चूक होतेच. मेंढी दुसरीचं कोकरू पाजत नाही, लाथ मारते. कोकरू भुकेनं मरतं. म्हणून त्यांच्या घरची एक रीत होती. ज्याच्या हातून चुकीचं कोकरू लागलं, त्यानं त्या कोकराची आई सापडून त्याचं पोट भरेपर्यंत भाकरीला हात लावायचा नाही. मामांचे वडील स्वतः चुकले तेव्हा तेही भाकरीशिवाय बसले होते.

"माजी बी चूक झालीया," मामा म्हणाले. "लई डाव. पर चुकलो तवा उपाशी ऱ्हायलो. म्हनून तोंडं ध्यानात बसली." मग त्यांनी साहेबांकडे बघितलं. "तुमचं मशीन हुशार हाय. रामक्काच्या टायमाला चुकलं. त्या सांजंला उपाशी कोन ऱ्हायलं, साहेब?"

लोक मागे वळून बघायला लागले. मागच्या रांगेत रामक्का बसली होती, ते मला तेव्हा दिसलं. मामाच तिला घेऊन आले होते. तिनं पदर नाकावरून खाली घेतला.

साहेब वयानं तरुण, पण माणूस जातिवंत. त्यांनी कारणं सांगितली नाहीत. कुणीच राहिलं नाही, असं सरळ कबूल केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, सगळी गल्ली जागी असताना, ते वर्दीत रामक्काच्या ओसरीवर आले आणि हात जोडून उभे राहिले. रामक्कानं त्यांना चहा दिला आणि मग तेलुगूत असं झापलं की तीन घरांपर्यंत ऐकू गेलं. साहेबांना एक अक्षर कळलं नसावं, पण ते शेवटपर्यंत उभे होते. त्या आठवड्यात ओसरी पुन्हा भरली.

गल्लीतल्या कॅमेऱ्यांचा वाद अजून मिटलेला नाही. व्यापारी आणि वकीलबाई अजून भांडतात, आणि भांडावंच. पण आमच्या ठाण्यानं एक कागद काढला. मशीननं दाखवलं तरी माणसानं स्वतः खात्री केल्याशिवाय कुणाला हात लावायचा नाही, आणि खात्री करणाऱ्याचं नाव लिहायचं. त्या कागदाच्या झेरॉक्स माझ्याच दुकानात निघाल्या. एक मी मोठी करून शटरशेजारी लावली आहे. कुणी वाचत थांबलं की मी न विचारता सांगते, हे आमच्या पेठेतल्या माणसामुळे झालं, दुसरीत शाळा सोडलेल्या. मला अभिमान आहे आणि तो लपवायची मला हौस नाही.

एवढं सगळं झालं आणि मामांनी खांबाखाली थांबणं सोडलं. सातला बाहेर यायचे आणि न बघता पुढं जायचे. चालही मंदावली. तिसऱ्या दिवशी मी त्यांना हटकलं. कॅमेऱ्याच्या विरोधात बोललात म्हणून लाजताय का, असं विचारलं.

"त्येला ऐकू येत न्हाय म्हनं," मामा म्हणाले.

मी थांबले. मामा खांबाकडे न बघता बोलत होते. "माजी बायकू मालन हुती तवर दारात इचारायची. कुटं निघालाव, कवा येनार. चाळीस वरसं रोज. ती जाऊन आता आठ वरसं झाली. सांगून जायची सवय लागली, सुमन. कुनाला तरी सांगावं लागतं की."

दीड वर्ष हा माणूस माझ्या समोर, दहा पावलांवर, रोज सकाळी सांगून जात होता आणि मी काउंटरवर डोकं टेकून हसत होते. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी सरळ आत गेले आणि उगाच कागदांचे गठ्ठे हलवत बसले.

दुसऱ्या दिवशी मी साडेसहालाच शटर उघडलं. मामा बाहेर आले, तशी मी दारातूनच विचारलं, "कुटं निघालाव मामा?"

ते थबकले. टोपी सरळ केली. दूध घेऊन, तसंच पुढं बाजारात, तिथून दवाखान्यात गुडघा दाखवायला, असं सगळं सांगितलं.

"कवा येनार?"

"एक वाजंल."

"एकला आला न्हाईत तर मी जेवनार न्हाय. सांगून ठेवते."

मामा माझ्याकडे बघत राहिले आणि मग निघाले. वहाणा करकरताना मला कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होतं.

पावणेएकला ते धापा टाकत दुकानासमोर येऊन उभे राहिले. एका हातात दुधाची पिशवी, दुसऱ्या हातात दवाखान्याचा कागद.

"आलो," ते म्हणाले. "जेव आता."